कोटींचे आकडे आणि उधारीची वही

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. शहरातील काही चित्रपटप्रेमी मंडळी डेन्मार्क, स्वीडन या देशांतील अमली पदार्थांच्या गुन्हेगारी जगावरचे चित्रपट दाखवण्याच्या तयारीत आहेत, तो बेत पोलिसांनी वेळीच थांबवावा, असा त्या पत्राचा आशय होता. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आणि शेजारच्या सांगलीत एमडी या अमली पदार्थाचे साठे सापडत असताना कोवळ्या पोरांपुढे परदेशातली ही घाण कशासाठी मांडायची, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्या काळजीविषयी मला आदर आहे. मात्र ज्या चित्रपटांवर त्यांचा रोख आहे ते त्यांनी पाहिलेले नसावेत, असे पत्र वाचताना जाणवते. मी त्यांतले बरेचसे पाहिले आहेत आणि माझे मत नेमके उलट आहे. अमली पदार्थांचा धंदा मोहक वाटायला लावण्याचे काम हे चित्रपट करत नाहीत. ते काम, स्पष्ट लिहितो याबद्दल क्षमा असावी, आपल्यासारख्या दैनिकांच्या पहिल्या पानावर होते.

माझी सारी नोकरी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली. थकबाकीदार, त्याचा जामीनदार, नोटीस, जप्ती आणि अखेरीस तडजोड या चाकोरीत आयुष्य काढलेल्या माणसाचे लक्ष चित्रपटातही पिस्तुलाकडे कमी आणि हिशेबाकडे अधिक जाते. निकोलस विंडिंग रेफ्न या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘पुशर’ हा १९९६ सालचा पहिला चित्रपट मला म्हणूनच फार जवळचा वाटला. त्यात मारामारी आहे, शिवीगाळ तर वाक्यागणिक आहे. पण कथा सगळी एका उधारीची आहे.

फ्रँक हा कोपनहेगनमधला मधल्या फळीतला विक्रेता. वरून माल घ्यायचा, खाली विकायचा, मधले राहतील ते आपले, एवढाच त्याचा व्यवहार. मिलो नावाच्या सर्बियन पुरवठादाराचे तो पन्नास हजार क्रोनर आधीच देणे लागतो. एका स्वीडिश गिऱ्हाइकाकडून हेरॉइनची मोठी मागणी येते. हातात रोकड नाही, म्हणून जुनी बाकी तशीच ठेवून तो मिलोकडूनच आणखी माल उधार उचलतो. सौदा चालू असताना पोलीस येतात, फ्रँक पळत सुटतो, तळ्यात पडतो आणि माल पाण्यात जातो. पुरावाच उरला नाही, त्यामुळे पोलिसांना त्याला सोडून द्यावे लागते. इथवर एखाद्या नेहमीच्या चित्रपटात नायक सुटला म्हणून शिट्ट्या पडल्या असत्या. इथे मात्र खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, कारण हेरॉइन पाण्यात विरघळले तरी देणे विरघळत नाही. आता मिलोचा आकडा २,३०,००० क्रोनरचा झालेला असतो. पडद्यावर एकेक वार लिहून येतो आणि त्या आठवड्याभरात एक माणूस त्या आकड्यापायी किती जणांच्या दारात उभा राहतो, ते आपण पाहतो. ज्यांच्याकडे त्याची उधारी अडकली आहे त्यांना तो धमकावतो, ज्या मित्राने पोलिसांना जबाब दिला असे त्याला सांगण्यात आले त्या मित्राला अर्धमेला करतो, आईकडे जाऊन पैसे मागतो. त्याच्या तगाद्याखाली आलेला एक बापुडा देणेकरी त्याच्या डोळ्यांदेखत आत्महत्या करतो. त्या प्रसंगी फ्रँकच्या चेहऱ्यावर दुःखाआधी जी चडफड दिसते, ती ‘हाही वसुलीचा मार्ग बंद झाला’ अशी आहे. इतका निर्दय आणि इतका खरा क्षण मी क्वचितच पाहिला आहे.

मिलोचे काम झ्लात्को बुरिच या नटाने केले आहे आणि त्याबद्दल त्याला डेन्मार्कचा बोडिल हा मानाचा पुरस्कारही मिळाला. हा मिलो प्रथम आवाज चढवत नाही. तो गोड बोलतो, मैत्रीचा दाखला देतो, घरच्यासारखी विचारपूस करतो आणि त्याच आवाजात मुदत सांगतो. आमच्या क्षेत्रात खासगी सावकाराचा दांडगट माणूस असाच बोलत असे. ज्याच्या बोलण्यात पहिल्या दिवसापासून शिव्या असतात त्याला वसुली जमत नाही, हे कोणताही जुना माणूस सांगेल. मिलोच्या सौजन्याची धार चित्रपटभर हळूहळू वाढत जाते आणि अखेरच्या टप्प्यात जेव्हा छळ प्रत्यक्ष दिसतो, तेव्हा त्याचे आश्चर्य वाटत नाही. तो त्या पहिल्या गोड वाक्यातच होता.

या चित्रपटाच्या बांधणीविषयी थोडे सांगायला हवे, कारण मोहकतेचा आरोप तिथेच फोल ठरतो. कॅमेरा हातात धरून, बव्हंशी कथेच्या क्रमानेच चित्रीकरण झालेले आहे. आदल्याच वर्षी लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस विंटरबर्ग यांनी ‘डोग्मे ९५’ हा जाहीरनामा काढून डॅनिश चित्रपटातला दिखाऊपणा झटकायला घेतला होता. ‘पुशर’ त्या जाहीरनाम्यात बसवून काढलेला नाही, पण हवा तीच आहे. व्हेस्टरब्रो या कोपनहेगनमधल्या तेव्हाच्या बकाल वस्तीतले बार, जिने, कोंदट खोल्या, ट्यूबलाइटचा मेलेला उजेड, यांपलीकडे डोळ्याला सुख देणारे काही नाही. गाडी आहे, पण ती मिरवायची गाडी नाही. पैसा हातात येतो, पण तो मोजून लगेच दुसऱ्याला द्यायचा असतो. आपल्याकडच्या वेबमालिकांत माफिया सरदार संथ गतीने पायऱ्या उतरतो, मागे ढोल वाजतात आणि पोरे त्या दृश्याची रील करून टाकतात. ‘पुशर’मधून अशी रील काढून दाखवावी, असे मी कोणालाही आव्हान देतो.

त्याचे पुढचे दोन भाग अनुक्रमे २००४ आणि २००५ साली आले, आणि ते का आले हे विषयाला धरूनच आहे. रेफ्नचा मधला इंग्रजी चित्रपट आपटला, त्याच्या अंगावर मोठे कर्ज झाले आणि ते फेडण्यासाठी त्याने आपल्या पहिल्या यशाकडे पुन्हा धाव घेतली. फी आंबो हिने या काळावर ‘गॅम्बलर’ नावाचा माहितीपट केला आहे. घेणेकऱ्यांच्या फोनला तोंड देत देणेकऱ्यांवरच चित्रपट काढणारा दिग्दर्शक त्यात दिसतो. ‘पुढचा भाग’ या नावाखाली आपण जे काही सहन करतो ते पाहता, पोटासाठी केलेले हे दोन्ही भाग पहिल्याहून सरस उतरावेत, ही गोष्ट मला अजून अचंबित करते.

दुसऱ्या भागाचा नायक टोनी हा पहिल्या भागात फ्रँककडून मार खाल्लेला मित्र. भूमिका मॅड्स मिकेलसन याची. आज जगभर ओळखला जाणारा हा नट पूर्ण लांबीच्या चित्रपटात प्रथम दिसला तो ‘पुशर’मध्येच. टोनीच्या डोक्याच्या मागच्या बाजूला ‘रिस्पेक्ट’ असे गोंदलेले आहे आणि चित्रपटभर त्याला ती एकच गोष्ट कोणी देत नाही. तुरुंगातून सुटून तो बापाकडे येतो. बाप चोरीच्या गाड्यांचा धंदा चालवणारा, पोराला सगळ्यांसमोर हिणवणारा. इकडे त्याच्या मित्राने पोलीस आले समजून घाबरून माल संडासात ओतून टाकलेला असतो, म्हणजे पुन्हा तेच: माल गेला, बाकी राहिली. या सगळ्याच्या मध्ये एक तान्हे मूल आहे, टोनीचे असल्याचे सांगितलेले. मोठी माणसे शेजारी बसून नशा करत असताना त्या मुलाकडे कोणाचे लक्ष नसते, आणि टोनीला मुलाचे लंगोट बदलता येत नाही. हे प्रसंग पाहताना सभागृहात बसवत नाही. ज्येष्ठ पत्रलेखकांनी ‘घाण’ हा शब्द वापरला आहे. ती घाण इथे आहे, पण ती कोणाच्या पदरात पडते हे दिग्दर्शक डोळ्याआड होऊ देत नाही.

तिसऱ्या भागात मिलो स्वतःच मध्यभागी येतो, आणि माझ्या दृष्टीने तिन्हींत हाच भाग सर्वांत शहाणा आहे. मुलीचा पंचविसावा वाढदिवस आहे, पन्नासेक पाहुण्यांचा स्वयंपाक आपल्याच हाताने करण्याचा त्याचा हट्ट आहे आणि नशा सोडण्यासाठी तो व्यसनमुक्तांच्या सभेलाही जात असतो. अशा दिवशी मागवलेल्या हेरॉइनऐवजी एक्स्टसीच्या गोळ्या येतात. हा माल त्याच्या माहितीचा नाही, भाव ठाऊक नाही, गिऱ्हाईक वेगळे. तरुण अल्बानियन मंडळी त्याच्या म्हातारपणाकडे हसत बघतात. गोळ्या विकायला नेणारा पोरगा गायब होतो, गोळ्याही खोट्या निघतात आणि पहिल्या भागात फ्रँकला मुदत देणारा मिलो दिवस मावळेपर्यंत स्वतः दुसऱ्याचा देणेकरी होतो. या धंद्यात सावकार म्हणून कोणी कायम राहत नाही. त्याच्या वरही एक वही असतेच. ज्याला आम्ही बँकेत ‘मूळ कर्जदार’ म्हणायचो तो इथे सापडतच नाही, कितीही वर चढत गेले तरी.

स्वीडनकडे वळले की चित्र जरा बदलते. येन्स लापिदुस हा व्यवसायाने फौजदारी वकील. त्याच्या कादंबरीवरून डॅनियल एस्पिनोसा याने २०१० साली ‘स्नाबा कॅश’ हा चित्रपट केला. स्टॉकहोममध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेणारा, साध्या घरचा, जेडब्ल्यू नावाचा हुशार मुलगा श्रीमंत मित्रांच्या टोळक्यात आपणही तसेच आहोत असे भासवतो, त्यांच्या पार्ट्यांचा खर्च निभावण्यासाठी रात्री चोरून टॅक्सी चालवतो आणि तिथून कोकेनच्या व्यवहारात ओढला जातो. आपल्या वाचकांना हा मुलगा परका वाटणार नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीतून विद्यापीठात आलेली, खोलीचे भाडे तीन जणांत वाटून घेणारी आणि मित्राच्या बुलेटवर बसून आपल्याच फोनवर फोटो काढणारी मुले आपण राजारामपुरीत रोज बघतो. त्यांतली बहुतेक अभ्यास करून मार्गाला लागतात, हे सांगायलाच हवे. पण जो घसरतो तो गरिबीने जितका घसरतो तितकाच बरोबरी करण्याच्या ओढीने घसरतो, हे या चित्रपटाने अचूक पकडले आहे. त्याच चित्रपटातला म्राडो हा मारेकरी वृत्तीचा वसुलीवाला आपल्या लहान मुलीला सोबत घेऊन फिरतो, तेही विसरता येत नाही. माझी तक्रार एवढीच की इथे कॅमेऱ्याला त्या पार्ट्यांची, उंची कपड्यांची आणि उजळ दिव्यांची स्वतःलाच भुरळ पडलेली दिसते. पत्रलेखकांचा आक्षेप कुठे थोडासा लागू पडत असेल तर तो इथे.

याउलट मिकेल नोअर याचा ‘नॉर्डव्हेस्ट’ (२०१३) पाहावा. कोपनहेगनच्या त्याच नावाच्या वस्तीतला कॅस्पर हा घरफोडी करून चोरीचा माल विकणारा अठरा वर्षांचा पोरगा, एका टोळीकडे कमी पैसे मिळतात म्हणून दुसरीकडे जातो आणि तिथे घरफोडीवरून अमली पदार्थ आणि वेश्याव्यवसाय यांच्या कामाला लागतो. मागोमाग धाकटा भाऊही येतो. दोघा भावांची कामे खऱ्याच भावांनी केली आहेत, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरची त्यांची चिडवाचिडवी अभिनय वाटत नाही. नोअरने टोबियस लिंडहोम याच्यासोबत केलेला ‘आर’ (२०१०) तुरुंगातला आहे. होर्सेन्सच्या बंद पडलेल्या खऱ्या तुरुंगात, माजी कैदी आणि माजी पहारेकरी यांना भूमिका देऊन तो चित्रित झाला. तुरुंगाच्या आतही देवाणघेवाणीची तीच उतरंड चालते आणि नवा कैदी पहिल्या दिवसापासून कोणाचे तरी देणे लागतो. नॉर्वेचा ‘क्राफ्टिडियोटेन’ आणि आइसलँडचा ‘स्वार्तूर आ लेइक’ हेही या गटात गणले जातात. पहिला विनोदाच्या अंगाने जातो, दुसरा मला थोडा हॉलिवूडच्या वळणाचा वाटला. दोन्हींवर इथे जागा घालवत नाही.

या चित्रपटांत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. बायका त्यांत बहुधा कोणाची तरी मैत्रीण, कोणाची तरी आई किंवा विकली जाणारी मुलगी म्हणून येतात. स्वतःचा हिशेब मांडणारी बाई विरळा. दुसरे असे की फसलेला पोरगा स्थानिक आणि गळ्याला फास लावणारा सर्ब, अल्बानियन वा अरब, अशी वाटणी अनेक ठिकाणी दिसते. तिसऱ्या ‘पुशर’ने मिलोलाच माणूस करून ही वाटणी मोडली, तरी बाकीच्यांनी ती पुरती मोडलेली नाही. आपल्याकडेही छापा पडला की मथळ्यात ‘परप्रांतीय’ हा शब्द प्रथम शोधला जातो. २०२१ च्या नोव्हेंबरात चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत मुंबई पोलिसांनी फार्महाऊसवर छापा घालून एमडी बनवण्याचे साहित्य पकडले, तेव्हा ती जागा आपल्याच जिल्ह्यातली होती, हे आपण किती लवकर विसरलो!

देणेकऱ्याची गोष्ट पडद्यावर मांडणे कोल्हापूरला नवीन नाही. ज्या शहरात कॅमेरा बाहेरून विकत न घेता घरी बनवला गेला आणि ज्याच्या रस्त्यावर त्या कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे, त्या शहराला ‘असले चित्रपट नकोत’ असे सांगताना थोडा इतिहास आठवावा. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा ना. ह. आपटे यांची होती. पौराणिक चित्रपटांची चलती असताना त्यांनी सावकाराने जमीन गिळलेल्या आणि गाव सोडून शहरातल्या गिरणीची वाट धरावी लागलेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. त्या वेळी कोणी ‘यामुळे कर्ज काढायची सवय लागेल’ असे म्हटले असते तर आपण त्याला काय म्हटले असते? बाबूरावांच्या चित्रपटातला सावकार आणि रेफ्नच्या चित्रपटातला मिलो यांच्यात देश, काळ आणि माल एवढाच फरक आहे. ज्याच्या नावावर बाकी आहे त्याचे घर, त्याची मैत्री, त्याची अब्रू आणि अखेर त्याचे शरीर हे सारे तारण असते, ही समज दोघांतही तीच आहे.

आणि हे तारण आपल्या शिवारात आजही दिसते. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून जी जोडपी आपल्या कारखान्यांवर येतात, त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, म्हणजे पुढच्या वर्षीचा कोयताही आजच बांधला जातो. फ्रँकने मिलोकडून घेतलेला माल ही अशीच उचल आहे. फरक इतकाच की ऊसतोड मजूर राबून ती फेडू पाहतो आणि त्याची कैफियत निदान मोर्चात, विधिमंडळात मांडली जाते. एमडीची पुडी पोचवणाऱ्या पोराची उचल कोणत्याही वहीत नसते आणि ती कोणापुढे मांडताही येत नाही.

आता आपल्या दैनिकाकडे येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला एमडीचा कारखाना उघडकीस आणला, धागे कुपवाडपर्यंत आले, त्यानंतर सांगली जिल्ह्यातल्या इरळीचे आणि विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीचे नाव आले. या प्रत्येक वेळी, केवळ आपल्याच नव्हे तर सर्वच दैनिकांत, मथळ्यात सर्वांत ठळक टाइप कशाला मिळाला? कोटींच्या आकड्याला. हा आकडा बहुधा शेवटच्या गिऱ्हाइकाला हरभऱ्याएवढी पुडी ज्या भावाने मिळते त्या भावाने सगळा साठा मोजून काढलेला असतो आणि त्यावर ‘आंतरराष्ट्रीय बाजारात’ अशी पुस्तीही असते. कारखाना, वाहतूक, दलाल, गळती, उधारी बुडणे यांचा त्यात विचार नसतो. गोकुळ शिरगाव वा शिरोलीच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा वीस वर्षांचा मुलगा चहाच्या गाड्यावर ती बातमी वाचतो, तेव्हा त्याला तुरुंग दिसत नाही, शून्ये दिसतात. एवढ्या कोटींतले दोन-चार लाख आपल्या वाट्याला यायला काय हरकत आहे, हा हिशेब त्याच्या मनात त्या मथळ्याने मांडलेला असतो. कोपनहेगनचा फ्रँक त्याला हा हिशेब पुसून दाखवू शकतो; मथळा दाखवू शकत नाही.

कायद्याचा तराजूही या मुलाला कोणी समजावून सांगत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एमडी म्हणजे मेफेड्रोन याचे दोन ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प मानले जाते आणि त्याला एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. पन्नास ग्रॅमच्या पुढे ते व्यापारी प्रमाण होते आणि तिथे किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, कमाल वीस वर्षांची, वर किमान एक लाखाचा दंड. या व्यापारी प्रमाणात जामीन मिळणेही कलम ३७ मुळे अतिशय अवघड होते. तराजू वजन बघतो. ते वजन कोणाचे आहे, उधार आणलेले आहे की रोखीने, पोचवणाऱ्याला त्यातले हजारभर रुपये सुटणार होते की लाख, याचा तराजूशी संबंध नाही. म्हणजे ज्याच्या खिशात स्वतःचा एक पैसाही गुंतलेला नाही तो पोरगा पिशवी सापडली म्हणून दहा वर्षे आत जातो आणि बाहेर ज्याची बाकी आहे तो त्याच्या घरी वसुलीला येतो. कायदा सौम्य करा असे मी म्हणत नाही, तो माझा प्रांतही नव्हे. हे गणित मुलांना आधी कळावे एवढेच म्हणतो. याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून उपचारासाठी पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण देण्याची सोय आहे. अल्प प्रमाण बाळगल्याच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यापुरती ती मर्यादित आहे, तरी किती पालकांना ती ठाऊक आहे? कोटींच्या मथळ्याखाली तिच्यासाठी दोन ओळी निघाल्याचे मला आठवत नाही.

मराठी वृत्तपत्रीय लेखनाला हे जमत नाही असेही नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर फोफावली, तेव्हा अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांमध्ये बसून, त्यांच्या आयांशी बोलून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्याचा भार डॉ. सुनंदा अवचट यांनी वाहिला. साठा किती कोटींचा पकडला हे त्या लेखांत महत्त्वाचे नव्हते. पोरगा घरातली भांडी कोणत्या क्रमाने विकतो, हे होते. जे काम तिकडे रेफ्न आणि नोअर कॅमेऱ्याने करतात ते आपल्याकडे एका लेखकाने साध्या लेखणीने केले होते, आणि त्या लेखांमुळे कोणी गर्द ओढायला लागला असे मी तरी ऐकलेले नाही.

म्हणून माझ्या विनंत्या आपल्याकडे आहेत, पोलिसांकडे नाहीत. अमली पदार्थांच्या बातमीत कोटींचा आकडा मथळ्यातून काढून आत, शेवटच्या परिच्छेदात न्यावा आणि मथळ्यात वजन व कलम द्यावे. आपल्या गुन्हे वार्ताहराने शक्य असेल तिथे आणखी दोन प्रश्न विचारावेत: पकडलेल्या मुलाला या खेपेचे किती मिळणार होते, आणि तो कोणाचे किती देणे लागत होता. आरोपपत्रात आणि न्यायालयातल्या जबाबांत ही माहिती पुष्कळदा पडलेली असते. मात्र छापा पडल्याच्या दिवशी पान भरते आणि निकालाच्या दिवशी वार्ताहर दुसऱ्या छाप्यावर असतो. मुलाचे नाव, गाव, फोटो यांची त्यासाठी गरज नाही.

चित्रपट दाखवणाऱ्या मंडळींनाही एक सांगणे आहे. अठरा वर्षांखालील कोणालाही आत सोडू नये. या बाबतीत ज्येष्ठ पत्रलेखकांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि दुसऱ्या ‘पुशर’मधले तान्ह्या मुलाचे प्रसंग पाहता काही मोठ्यांनीही विचार करूनच यावे. इंग्रजी उपशीर्षके भरभर जातात, ती सर्वांना वाचता येत नाहीत, म्हणून सुरुवातीला दहा मिनिटे मराठीत कथेचा आणि व्यवहाराचा गोषवारा द्यावा. पाच क्रोनरला किती येते इथपासून सांगावे, म्हणजे दोन लाख तीस हजारांचा धाक कळेल. नंतर व्यसनमुक्ती केंद्रातल्या एखाद्या कार्यकर्त्याला आणि फौजदारी वकिलाला बोलवावे. चित्रपट समीक्षक नसला तरी चालेल.

तिन्ही भाग एका दमात दाखवण्याचा बेत असेल तर तो मात्र टाळावा, माणसे थकतात आणि तिसऱ्या भागापर्यंत निम्मे सभागृह रिकामे होते. एकच दाखवायचा तर मी तिसरा निवडीन. पहिला पाहिलेला नसला तरी तो समजतो, आणि आपल्या ज्येष्ठ पत्रलेखकांनी यायचे ठरवलेच तर मुलीच्या वाढदिवसाचा स्वयंपाक करता करता फोनवर मुदत मागणारा मिलो त्यांना चांगला दिसेल अशा रांगेतली खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवायला मी आयोजकांना सांगितले आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त वसुली अधिकारी,
राजारामपुरी, कोल्हापूर